अरब पुढे आणि साल्वाडोरन मागे, असं का दिसतं?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत आलेले अरब लोक शिकलेले, डॉक्टर-इंजिनिअर, नाहीतर दुकानदार. एल साल्वाडोरहून आलेले मात्र बांधकामावर किंवा लोकांच्या घरी साफसफाईला. दोघांच्याही देशांत युद्धं झाली, दोघंही परकी भाषा बोलत आले, मग एवढी तफावत का? विचारणाऱ्याने उत्तरही स्वतःच सुचवलं होतं: "व्यापार अरबांच्या रक्तात आहे, कुटुंब घट्ट असतं, शिक्षणाला मान असतो. शेवटी संस्कृतीचाच फरक ना?"

मी गेली बावीस वर्षं व्हर्जिनियात, वॉशिंग्टनला लागून असलेल्या उपनगरांत, स्थलांतरितांचे अर्ज भरून द्यायचं काम करते. त्याच्या जोडीला स्थानिक संस्थांसाठी लोकसंख्येचे आकडे लावून देते. म्हणजे सकाळी माणसं आणि दुपारी त्याच माणसांचे तक्ते. त्यावरून सांगते: तफावत खरी आहे. पण तिचा मोठा भाग कोणाला कुठल्या दाराने आत घेतलं आणि आत आल्यावर हातात कुठला कागद दिला, यावर ठरतो. रक्ताबिक्ताचं मला काही दिसलेलं नाही.

आमच्याकडे लीसबर्ग पाइक नावाचा रस्ता आहे, सगळे त्याला रूट सेव्हन म्हणतात. बेलीज क्रॉसरोड्सपाशी त्याच्या कडेला कलमोर नावाची जुन्या विटांच्या, बैठ्या इमारतींची वस्ती आहे. पहाटे तिथे रंगाचे आणि सिमेंटचे डाग पडलेले बूट घातलेली माणसं कंत्राटदाराच्या पिकअपची वाट बघत उभी असतात. बहुतेक मध्य अमेरिकेतली. त्याच रस्त्याने फॉल्स चर्चकडे थोडं पुढे गेलात की दार अल-हिजरा ही मोठी मशीद. शुक्रवारी दुपारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. मधल्या टप्प्यात हलाल मटणाची दुकानं आणि पुपुसा विकणारी खानावळ शेजारी-शेजारी. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची, आत चीज किंवा घेवड्याचं सारण भरलेली जाडसर भाकरी, सोबत आंबवलेला कोबी. परगावाहून आलेल्या माणसाने एवढंच बघितलं तर त्याला वाटेल, पहाटे मजूर दिसले ते साल्वाडोरन आणि दुपारी चांगल्या गाड्यांतून उतरले ते अरब, झालं उत्तर. पण त्या गाड्यांतल्या कित्येक टॅक्स्या असतात आणि चालवणारा मोरोक्कोचा पदवीधर असतो, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

आधी अरब म्हणजे कोण ते बघू, कारण पहिली गोची तिथेच आहे. अमेरिकेच्या जनगणनेत अरबांना वेगळा रकाना नव्हता, ते गोऱ्यांत मोजले जात. याचं मूळ जुनं आहे. तेव्हाच्या कायद्याने बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्या किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ या दक्षिण कॅरोलिनात राहणाऱ्या सीरियन माणसाने अपिलात खटला जिंकला आणि सीरियन लोक कायद्याच्या नजरेत गोरे ठरले. आठच वर्षांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल दिला. थिंड अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करून आलेले होते तरीही. एकाला दार उघडलं, दुसऱ्याला बंद झालं. संस्कृती दोघांचीही हजारो वर्षांची होती.

तर हे पहिले अरब बहुतेक लेबनॉनच्या डोंगराळ भागातले ख्रिश्चन. १८८० नंतर तुर्की साम्राज्यातून निघाले, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर उतरले आणि पाठीवर गाठोडं बांधून गावोगाव सुया, दोरे, लेस विकत फिरले. १९२४ च्या कायद्याने हा ओघ जवळपास थांबवला. पण तोपर्यंत आलेल्यांचे नातू-पणतू आज अमेरिकन मध्यमवर्गात इतके मिसळलेत की त्यांची अरबी आजीच्या स्वयंपाकघरापुरती उरली आहे. २०२० च्या जनगणनेत गोऱ्यांच्या रकान्याखाली पहिल्यांदा आपलं मूळ लिहायला मोकळी ओळ दिली, तेव्हा पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचं मूळ सांगणारे ३५ लाख लोक निघाले. त्यांत सगळ्यात मोठा गट लेबनीज, साधारण पावणेसात लाखांचा. इराणीही या ३५ लाखांत धरलेत आणि ते अरब नव्हेत. स्वतंत्र रकान्याला सरकारी मान्यता मिळायला मार्च २०२४ उजाडलं.

म्हणजे 'अरब अमेरिकन' या सरासरीत चार पिढ्यांपूर्वी आलेल्यांचे वंशजही येतात. साल्वाडोरन लोकांची मोठी लाट १९८० नंतरची. शंभर वर्षं मुरलेल्या लोणच्याची कालच्या फोडींशी चव जुळवून बघण्यातला प्रकार आहे हा.

आता आकडे. २००० च्या जनगणनेवर आधारलेला अरबांविषयीचा सरकारी अहवाल २००५ मध्ये आला. आकडे जुने आहेत, पण त्यातलं चित्र शिकण्यासारखं आहे म्हणून मी अजून तोच दाखवते. पंचविशीच्या पुढच्या अरब वंशीयांत ४१ टक्के पदवीधर. देशाची सरासरी २४ टक्के. बरोबर मधोमध पडणाऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५२,३०० डॉलर, देशाचं ५०,०००. इथवर ऐकलं की लोक मान डोलावतात. पण त्याच अहवालात गरिबीचं प्रमाणही आहे: अरबांत १७ टक्के, देशात १२. शिक्षण जवळजवळ दुप्पट, उत्पन्न थोडंसंच जास्त, आणि गरिबी मात्र देशापेक्षा अधिक. हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं? तर अरब हा एक समाज नाहीच. इजिप्तहून आलेल्यांत दहातले सहा पदवीधर निघतात. तिथला कॉप्टिक ख्रिश्चन डॉक्टर किंवा औषधशास्त्राचा पदवीधर व्हिसा काढून विमानाने येतो. येमेनहून आलेला माणूस शेतकरी कुटुंबातला, शाळा अर्धवट सोडलेला, मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात नाहीतर न्यूयॉर्कच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रोज बारा-चौदा तास उभा असतो. इराकी निर्वासित तर दोन सुटकेसांवर येतात. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून भाव करू नये म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू आहे.

मिशिगनमधलं डिअरबॉर्न शहर बघितलं तर हे सगळे थर एकाच ठिकाणी दिसतात. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, त्या ओढीने लेबनीज आणि येमेनी आले. १९७५ नंतर लेबनॉनच्या यादवीतून पळालेले आले, मग इराकी. आज त्या शहरात अरब वंशीयांची बहुसंख्या आहे. तिथे रस्त्याच्या एका बाजूला दंतवैद्यांच्या पाट्या अरबीत आहेत आणि काही मैलांवर, कारखान्याच्या धुराड्याखाली, त्याच भाषेच्या लोकांची गरीब वस्तीही आहे.

साल्वाडोरन लोकांची गोष्ट वेगळ्या रस्त्याने येते. एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला सगळ्यात चिमुकला देश, लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. कॉफीचे मळे मोजक्या घराण्यांच्या हातात आणि बाकीच्यांना जमीन नाही. जमीन नाही म्हणून लाखो लोक शेजारच्या होंडुरासमध्ये गेले, आणि १९६९ च्या त्या चार दिवसांच्या लढाईनंतर, जिला लोक फुटबॉलची लढाई म्हणतात, तिथूनही हजारो परत हाकलले गेले. मग १९८० ते १९९२ यादवी. सुमारे ७५ हजार माणसं मेली. आर्चबिशप रोमेरो यांना प्रार्थना सांगतानाच गोळी घातली, ती २४ मार्च १९८० ला. चालातेनांगो, मोरासान या उत्तरेच्या भागांत शाळा वर्षानुवर्षं बंद. १९७२ मध्ये तिथल्या खेड्यात जन्मलेल्या मुलाच्या शिक्षणाची जवळजवळ सगळी वर्षं युद्धात गेली. 'यांना शिक्षणाची आवड नाही' म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, की शाळा कुठे होती?

आणि ही माणसं विमानाने आली नाहीत. बस, पायपीट, मेक्सिको, नदी. अमेरिका त्या वेळी साल्वाडोरच्या सरकारला पैसा आणि शस्त्रं देत होती. त्यामुळे त्या सरकारच्या लष्कराला भिऊन पळालेल्याला आश्रय देणं म्हणजे स्वतःच्याच धोरणावर ठपका ठेवणं. १९८० च्या दशकात साल्वाडोरन लोकांचे आश्रयाचे अर्ज शंभरातले तीन-चारसुद्धा मंजूर होत नव्हते. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात कागद नसलेल्यांना माफी मिळाली, पण अट होती १ जानेवारी १९८२ पूर्वी आलेलं असण्याची. युद्धातून पळालेले बहुतेक त्यानंतर आले. चर्चच्या संस्थांनी सरकारवर खटला भरला, १९९१ मध्ये तडजोड झाली आणि नाकारलेले अर्ज पुन्हा ऐकायचं ठरलं. तोवर दहा वर्षं गेली होती. माणसाच्या कमावत्या वयातली पहिली दहा वर्षं चोरून राहण्यात गेली तर पुढचा हिशेब कायमचा बिघडतो.

आता लॉटरीचं बघा. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून सुमारे पन्नास हजार ग्रीन कार्डं देण्याची योजना निघाली. अट: बारावीपर्यंत शिक्षण, किंवा प्रशिक्षण लागणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव. इजिप्त, मोरोक्को, सुदान या देशांतून हजारो लोक या योजनेतून आले आहेत. एल साल्वाडोरला ती बंद आहे, कारण तिथून आधीच फार माणसं येतात असा नियम. म्हणजे मोरोक्कोचा माझा टॅक्सीवाला बारावी पास होता म्हणूनच चिठ्ठीत बसला, आणि पहिल्या दिवसापासून ग्रीन कार्ड घेऊन उतरला. दारावरच चाळणी लावली आणि मग आत आलेल्यांना बघून म्हणायचं, वा, हे लोक किती शिकलेले!

आपल्याला हे कळायला हवं, कारण आपल्यावरही हीच चाळणी लागली आहे. अमेरिकेतला मराठी माणूस बहुतेक एच-१बी घेऊन आलेला, म्हणजे पदवी तपासूनच आत घेतलेला. मंडळाच्या गणपतीत कोणी 'आपले संस्कारच तसे' म्हणालं की मी गप्प बसते, मोदक खाते. पण मनात येतं, संगमेश्वरातला सातवी पास शेतमजूर अमेरिकेत येऊच शकत नाही, म्हणून तो या सरासरीत नाही.

नावं आणि काही तपशील बदलून दोन घरं सांगते. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर राहणारी.

पहिलं घर इराकी. नवरा बगदादमध्ये अमेरिकन सैन्याचा दुभाषा होता, २००९ मध्ये निर्वासित म्हणून आले. आले तेव्हा खिशात काही नव्हतं. पहिली दोन वर्षं सरकारी मदतीच्या कुपनांवर धान्य. तो गोदामात खोके उचलायचा. आकड्यांत तेव्हा हे घर जिन्यावरचं सगळ्यात गरीब. पण निर्वासिताला वर्षभरानंतर ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो आणि पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा. बायकोने कम्युनिटी कॉलेजात दंतवैद्याच्या मदतनिसाचा कोर्स केला. २०१५ मध्ये दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. मी गेले होते, बाई दिवसभर रडत होती.

दुसरं घर साल्वाडोरन. तिला आपण मार्ता म्हणू. ला उनियोन या पूर्वेकडच्या जिल्ह्यातली. तिथल्या इंतिपुका नावाच्या गावातून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून माणसं वॉशिंग्टनला येत आहेत. मार्ता १९९९ मध्ये आली, सरहद्द चोरून ओलांडून. २००१ मध्ये जानेवारी आणि फेब्रुवारी असे लागोपाठ दोन मोठे भूकंप झाले, आणि अमेरिकेने इथे असलेल्या साल्वाडोरन लोकांना टीपीएस दिलं. टीपीएस म्हणजे तात्पुरतं संरक्षण: परत पाठवणार नाही, काम करा, कर भरा, पण मुदत अठरा महिन्यांची. मग पुन्हा अर्ज. सुमारे दोन लाख लोक या तात्पुरत्या अवस्थेत वीस-पंचवीस वर्षं राहिले आहेत. मधेच जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते बंद करण्याची घोषणा केली, कोर्टाने थांबवलं, नव्या सरकारने परत चालू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवलं.

मार्ता बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात तिची सगळी जुनी वर्क परमिटं ठेवते. डझनभर आहेत. पत्त्यांसारखी मांडली की तिचं वय सरकताना दिसतं. दर वेळी बोटांचे ठसे द्यायचे. रात्री ऑफिसं पुसायचं काम, हात कायम ब्लीचच्या पाण्यात. बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की मशीन ठसा घेत नाही आणि तिला दोनदा बोलावलं जातं. मी तिला सांगते, जायच्या आधी आठवडाभर रात्री हाताला व्हॅसलीन लाव. आमच्या धंद्यातला सगळ्यात उपयोगी सल्ला बहुधा हाच.

शिवाय मुदत वाढते ती सरकारी राजपत्रातल्या सूचनेने, कार्डावरची तारीख तीच राहते. नोकरी देणाऱ्याला ते कळत नाही. एकदा तिच्या मॅनेजरने संपलेली तारीख बघून तिला घरी बसवलं. मी सूचनेची प्रत छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवली, तरी तीन आठवड्यांचा पगार गेला तो गेलाच. २०१४ मध्ये तिची आई गेली. परवानगीशिवाय देश सोडला तर परत येता येत नाही, आणि परवानगीचं पत्र आलं तेव्हा आईचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

या अशा अधांतरी अवस्थेवर सेसिलिया मेन्हिवार या साल्वाडोरन वंशाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुष्कळ लिहिलं आहे. त्यांचा मुद्दा असा की कागद असलेला आणि कागद नसलेला या दोघांच्या मध्ये एक उंबरठा आहे, आणि माणसं त्या उंबरठ्यावरच म्हातारी होतात. अर्थशास्त्रातही हे तपासलं गेलं आहे: टीपीएस मिळाल्यावर साल्वाडोरन पुरुषांची कमाई वाढली आणि बायकांना काम मिळण्याचं प्रमाण वाढलं. माणसं तीच, गाव तेच, शिक्षण तेच, फक्त एक कच्चा कागद. पक्का मिळाला असता तर?

आता कष्टांचं. इथे आकडे साल्वाडोरन लोकांच्या बाजूने आहेत आणि ते कोणी सांगत नाही. सोळा वर्षांवरच्या साल्वाडोरन स्थलांतरितांत दहातले सातहून अधिक जण काम करतात किंवा शोधतात. हे प्रमाण एकूण स्थलांतरितांपेक्षा जास्त आहे. बायकाही मोठ्या संख्येने. अरब बायकांचं प्रमाण २००० मध्ये ४६ टक्के होतं आणि देशातल्या सगळ्या बायकांचं ५८. म्हणून घराचं उत्पन्न मोजलं तर साल्वाडोरन घर वाटतं तेवढं मागे दिसत नाही, कारण एका छपराखाली तीन-चार कमावते असतात. माणशी मोजलं की खरी ओढाताण दिसते. कोणी घराचं उत्पन्न सांगून दोन समाजांची तुलना केली तर आधी विचारा, घरात माणसं किती?

'व्यापार रक्तात आहे' याबद्दलही थोडं. इराकी ख्रिश्चन, म्हणजे खाल्डियन, डेट्रॉइटमध्ये किराणा दुकानांत शिरले. (त्यांतल्या अनेकांना स्वतःला अरब म्हणवून घेणं आवडत नाही, ही आणखी एक गंमत.) न्यूयॉर्कचे येमेनी दुकानदार तर फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी काही मुस्लिम देशांवर घातलेल्या प्रवासबंदीच्या निषेधात एकत्र उतरले, सुमारे हजार दुकानं बंद ठेवली, तेव्हा शहराला कळलं की आपली सकाळची कॉफी कोण देतं. दुकान निघतं ते आधी आलेल्या चुलत्याच्या उधारीवर, आणि भिशीवर. हो, भिशीच. इजिप्तचे लोक तिला गमेय्या म्हणतात, साल्वाडोरन कुचुबाल. दोन्हीकडे दहा-बारा जणी मिळून महिन्याला पैसे काढतात आणि पाळीपाळीने उचलतात. फरक एवढाच की इजिप्शियन बाईची भिशी मुलाच्या फीला किंवा दुकानाच्या गाळ्याला जाते, आणि मार्ताची गावाकडे घराच्या स्लॅबला आणि वकिलाला.

गावाकडे जाणारा पैसा ही साल्वाडोरन संसाराला लागलेली गळती म्हणा किंवा त्यांचं पुण्य म्हणा. २०२३ मध्ये त्या देशात बाहेरून आठ अब्ज डॉलरच्या वर रक्कम आली, राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातली घरं चालायची, तसा अख्खा देश चालतो. चाकरमान्याच्या खोलीत त्यामुळे कधी काही साठलं नाही, तसंच इथेही. लेबनीज तिसऱ्या पिढीला गावाकडे काही पाठवायचं नसतं. हा फरक बचतीच्या रकान्यात उतरतो आणि मग 'यांना बचतीची सवय नाही' असं वाचलं जातं.

अरबांना सगळं सोपं गेलं असंही कोणी समजू नये. ११ सप्टेंबर २००१ नंतर अरब आणि मुस्लिम पुरुषांची कमाई ९ ते ११ टक्क्यांनी घसरली, हे नीरज कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. २००२ मध्ये ठरावीक देशांतल्या, बहुतेक मुस्लिम देशांच्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन नाव नोंदवायला लावलं. ८० हजारांहून अधिक जण रांगेत उभे राहिले आणि १३ हजारांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. साल्वाडोरन मुलांना टोळीवाले म्हणून हाच संशय सोसावा लागतो. एमएस-१३ टोळी मुळात १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांत जन्मली आणि हद्दपारीबरोबर एल साल्वाडोरला गेली. लोक नेमकं उलटं समजतात. शिकलेल्याला संशय टोचतो, बढती अडते. कच्च्या कागदावर असलेल्याला तोच संशय थेट विमानात बसवतो.

तरीही संस्कृतीच, असं ज्यांना वाटतं त्यांना मी दोन ठिकाणं दाखवते. पहिलं फ्रान्स. युद्धानंतर तिथल्या कोळशाच्या खाणींना मजूर हवे होते. फेलिक्स मोरा नावाचा माजी लष्करी माणूस दक्षिण मोरोक्कोच्या खेड्यांत फिरून तरुण निवडायचा. स्नायू बघायचे, दात बघायचे, आणि पास झाला की छातीवर हिरवा शिक्का. निरक्षर असलेला बरा, कारण तक्रार करणार नाही. त्या खाणकामगारांच्या नातवंडांची बेकारी आज फ्रान्समध्ये चर्चेचा विषय आहे. देश मोरोक्कोच, धर्म तोच, आजीने सांगितलेल्या गोष्टीही त्याच. व्हर्जिनियाच्या दारात बारावीचा दाखला मागितला आणि फ्रान्सच्या दारात दंड चाचपले.

दुसरं ठिकाण खुद्द एल साल्वाडोर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेथलेहेम आणि आसपासचे पॅलेस्टिनी ख्रिश्चन तिथे गेले. शिंपल्यांचे क्रूस, जपमाळा, कापड गावोगाव विकायचे. पासपोर्ट तुर्की म्हणून नाव पडलं 'तुर्को', आणि ते हेटाळणीनेच घ्यायचे. कॉफीवाल्या घराण्यांच्या क्लबात त्यांना प्रवेश नव्हता. १९३० च्या दशकात तर हुकूमशहा मार्तिनेसच्या कायद्याने अरबांना देशात येण्याचीच बंदी केली. जमीन मिळत नाही म्हणून ते दुकानात, मग कापडगिरणीत, मग रेडिओत आणि राजकारणात गेले. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उजवीकडून तोनी साका आणि डावीकडून माजी गनिमी नेते शाफिक हांदाल असे दोघं समोरासमोर होते, आणि दोघांचीही घराणी बेथलेहेमची. आताचे अध्यक्ष नायिब बुकेले हेही पॅलेस्टिनी वंशाचेच. इथे कोणी म्हणेल, बघा, अरब तिथेही वर गेले. गेले खरे. पण आधी कोण निघालं? बेथलेहेमचे ते लोक यात्रेकरूंना वस्तू विकणारे कारागीर-व्यापारी होते, मिशनच्या शाळांत शिकलेले, समुद्रापारच्या जहाजाचं भाडं भरू शकणारे. तिथला भूमिहीन कुळवाडी निघालाच नाही. जवळच्या देशातून, पायी, घर जळालं म्हणून जो येतो तो समाजाच्या सगळ्या थरांतून येतो. समुद्र ओलांडून जो येतो तो वरच्या किंवा मधल्या थरातला. साल्वाडोरचं पहिलं, अरबांचं बहुतेक वेळा दुसरं.

पुढच्या पिढीचं चित्र मला आशादायक दिसतं, आणि ते स्वभावाने आशावादी असल्यामुळे नव्हे. अमेरिकेत जन्मलेल्या साल्वाडोरन तरुणांत पदवीधरांचं प्रमाण त्यांच्या आईबापांच्या पिढीपेक्षा दुपटीहून जास्त आहे. पण तुलना करताना त्या मुलाला लेबनीज पणतूशेजारी उभं करू नका. डिअरबॉर्नमध्ये जन्मलेल्या येमेनी कामगाराच्या मुलाशेजारी उभं करा. मग दोघांच्या खांद्यांत फार अंतर राहत नाही. स्वतः आकडे काढणार असाल तर वंश न धरता जन्मदेश धरा, आल्याचं वर्ष बघा, आईबापांची शाळा बघा, आणि कागद कुठला ते बघा. शेवटची गोष्ट जनगणना विचारत नाही, हीच आमची रोजची डोकेदुखी.

मार्ताचं राहिलं. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, की चोरून आलेल्याला टीपीएस मिळालं म्हणून तो 'रीतसर प्रवेश केलेला' ठरत नाही, म्हणून ग्रीन कार्ड नाही. त्या वेळी ती आशा सोडून बसली होती. पण २०२२ च्या जुलैत सरकारने प्रवासाचा नियम बदलला: टीपीएसवाला परवानगी घेऊन बाहेर गेला आणि विमानतळावर तपासणी होऊन परत आला, की तो रीतसर प्रवेश धरायचा. २०२३ मध्ये मार्ता नऊ वर्षं उशिरा आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेली. परतताना डलेस विमानतळावर अधिकाऱ्याने नोंद करून आत सोडलं. दोन मिनिटांचं काम. तिचा इथे जन्मलेला मुलगा तोवर एकवीस पुरा झाला होता. त्याने आईसाठी अर्ज केला.

कार्ड आलं त्या संध्याकाळी ती ते घेऊन माझ्याकडे आली. कामावर जायच्या आधी, गणवेशातच. उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, याची तारीख कधी संपते? म्हटलं, दहा वर्षांनी. तिने बोटांवर अठरा-अठरा महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे सहा वेळा व्हॅसलीन लावायला नको."